एक हजार नववी फरशी

बिनकाप्या हे नाव मिस्त्रीला चिडवण्यासाठी पडलं होतं. फरशी बसवायचा धंदा करायचा आणि फरशी कापायची नाही, म्हणजे न्हाव्यानं कात्रीला शिवायचं नाही असंच झालं. पण त्याची रीतच तशी होती. बाकीचे कारागीर एका कोपऱ्यातून सुरुवात करतात, सरकत सरकत पलीकडच्या भिंतीशी पोचतात, तिथे चार बोटं जागा उरते, मग तेवढा तुकडा कापून ठोकून बसवतात. मिस्त्री आधी फरश्या मोजायचा, मग खोली मोजायचा, मग उंबऱ्यावर बसून चहा थंड होईपर्यंत नुसता बघत राहायचा. आणि नक्षीचा अख्खा चौकोन खोलीच्या मधोमध असा उतरवायचा की चारी बाजूंना भिंतीपर्यंत साध्या सिमेंटचा काठ यावा. काठ कुठे चार बोटं, कुठे वीतभर. फरशी मात्र अख्खी.

"कापलेली फरशी म्हणजे कान कापलेला माणूस," तो म्हणायचा. "टोपी घाला, मफलर गुंडाळा, बघणाऱ्याला कळतंच."

दुसरी अट त्याहून कडक. आणलेली एकही फरशी उरवायची नाही. उरलेली फरशी माळ्यावर जाते, माळ्यावरून अंगणात, अंगणातून न्हाणीत, आणि शेवटी तिच्यावर लोक पाय घासतात. त्यापेक्षा आधीच नीट मोजावं. न कापता, न उरता. चाळीस वर्षं त्यानं हा शब्द पाळला होता आणि त्यापायी दोन्ही गुडघे घालवले होते.

सगळं जगच तो फरशीत मोजायचा. त्याची फरशी आठ इंची. घरातला पलंग दहा बाय आठ, स्वयंपाकघर बारा बाय दहा. लेकीनं लग्नाचा मुलगा पहिल्यांदा घरी आणला तेव्हा सगळे त्याच्या नोकरीची चौकशी करत होते. हा त्याला खालून वर बघून बायकोच्या कानात म्हणाला, "साडेआठ फरश्या आहे. चालेल."

बायकोला गावात रंगवाली म्हणत. ती फरशीच्या कारखान्यात होती. लोखंडी साच्यात नक्षीची पत्र्याची जाळी ठेवायची, जाळीच्या एकेका कप्प्यात छोट्या पळीनं पातळ रंग ओतायचा, जाळी अलगद वर उचलायची, वर सिमेंटचा थर द्यायचा आणि साचा दाबयंत्राखाली सरकवायचा. सगळी मख्खी जाळी उचलण्यात. हात जरा थरथरला की निळा पांढऱ्यात घुसला. रंगवालीचा हात थरथरत नसे. आठ पाकळ्यांची निळी चांदणी हे तिचं काम. प्रत्येक फरशीवर एक अख्खी चांदणी, शेजारणीची गरज नसलेली. मिस्त्री गमतीनं म्हणायचा, "नक्षीपण बनवणारीसारखीच. कुणाशी जुळवून घ्यायला नको."

"म्हणून तर टिकली," ती म्हणायची.

कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. मालकाच्या मुलीनं गोदाम रिकामं करायला घेतलं तेव्हा मागच्या भिंतीला निळ्या चांदण्यांचा शेवटचा घाणा सापडला, गवतात गुंडाळलेला, जसाच्या तसा. तिनं तो वाचनालयाला देऊन टाकला. वाचनालयाची नवी इमारत उभी राहत होती, जमीन व्हायची बाकी होती. ग्रंथपाल बाई स्वतः मिस्त्रीच्या घरी आल्या.

डॉक्टरनं मिस्त्रीला गुडघ्यावर बसायची बंदी केली होती. त्यानं डॉक्टरकडून एका जमिनीची सवलत मागून घेतली. "ही शेवटची. फरश्या हिच्या हातच्या आहेत. दुसरा कोणी येईल आणि कापेल."

गोदामात जाऊन त्यानं स्वतः मोजणी केली. कारखान्याची थप्पी बाराची असायची. चौऱ्याऐंशी थप्प्या. बारा चोक अठ्ठेचाळीस, बारा आठे शहाण्णव... एक हजार आठ. मिस्त्रीचा चेहरा एकदम खुलला.

"बाई, आकडा म्हणजे लोणी आहे लोणी!" तो ग्रंथपाल बाईंना म्हणाला. "दोननं जातो, तीननं जातो, सातनं जातो, नऊनं जातो. पंधरा तऱ्हेनं चौकोन होतो याचा. तुम्ही फक्त खोली दाखवा."

खोली म्हणजे एकच लांबलचक दालन होतं. काठ सोडून अठ्ठावीस फरश्या रुंद, पंचेचाळीस लांब. मिस्त्रीनं छत्तीस फरश्या लांबीवर दोरी ताणली. अठ्ठावीस छत्तीस एक हजार आठ. मागे उरलेल्या पट्ट्यात साधं सिमेंट, तिथे पुस्तकांची कपाटं. ग्रंथपाल बाईंनी हात जोडले. मिस्त्रीनं शब्द दिला, "न कापता, न उरता." गवंडी तिथंच उभा होता. तो मिस्त्रीचा जुना सोबती, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "बिनकाप्या, या खेपेला तरी एखादी फोड. आम्हाला बोलायला काहीतरी ठेव."

घरी येऊन मिस्त्रीनं बायकोला सगळं सांगितलं. ती चूल आवरत होती. सगळं ऐकून घेतलं, दुधाचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं, त्याखालची फरशी ओल्या फडक्यानं पुसली आणि त्याच्या पुढ्यात आणून ठेवली.

"ही पण," ती म्हणाली.

ती फरशी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. रंगवालीनं कारखान्यात पहिल्या दिवशी स्वतःच्या हातानं काढलेली पहिली चांदणी. आठ पाकळ्यांतल्या सात निळ्या आणि एक हिरवी. घाईत पळी चुकीच्या डब्यात बुडली होती. मुकादम ओरडला होता, "फेकून दे!" आणि तिनं ती ओढणीत गुंडाळून घरी नेली होती. तेव्हापासून ती गरम पातेल्याखाली होती. चाळीस वर्षं दूध उतू गेलं, चहा सांडला, पण हिरव्या पाकळीचा रंग तसूभर हलला नव्हता.

"अगं, पण आकडा जमलाय," मिस्त्री म्हणाला.

"मग परत जमवा."

"एक वाढली की सगळं नासतं. एक हजार नऊ होतात."

"हो ना. आठानंतर नऊच येतात. मला येतं तेवढं."

"ही लावतो, तिथली एक काढून घरी आणतो. झालं?"

रंगवालीनं फडकं खाली ठेवलं. "म्हणजे ही इतकी वर्षं एकटी पातेल्याखाली होती, आता दुसरीला एकटी आणून बसवायची? आणि तुमचं न उरता कुठं गेलं? बाहेर सगळ्यांना ऐकवता, घरात विसरता?"

ती म्हणत होती ते त्याचंच वाक्य होतं.

त्यानं अंगणात खडू घेतला आणि सिमेंटच्या ओट्यावर भागाकार मांडले. एक हजार नऊ भागिले दोन, बाकी एक. तीन, बाकी एक. चार, बाकी एक. सहा, सात, आठ, नऊ, बारा, सगळीकडे एक. कालपर्यंत लोण्यासारखा कापला जाणारा आकडा आता जिथे हात घालावा तिथे एक बाहेर टाकत होता, आणि मिस्त्रीला प्रत्येक बाकीत ती हिरवी पाकळी दिसत होती. अकरानं करून बघितलं, आठ उरल्या. तेरानंही आठ. सतरानं सहा. एकोणीसनं दोनच उरल्या तेव्हा त्याला वाटलं की जवळ आलो, तर तेवीसनं वीस उरल्या.

संध्याकाळी गवंडी चक्कर मारायला आला, ओटा बघितला आणि खो खो हसला. "एक हजार नऊनं तुझ्या नाकी नऊ आणले की रे!"

"हसू नको. वहिनीला सांग तुझ्या."

"मी सांगू? तुझा नि तिचा छत्तीसचा आकडा, मी कशाला मध्ये पडू? आणि एवढा विचार कशाला? उतरवताना एक हातातून पडली म्हणायचं. फट्! एक हजार आठ. वहिनीची फरशीही लागली, हिशेबही बसला."

मिस्त्रीनं खडू खाली ठेवला. खरं म्हणजे सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. मग तो म्हणाला, "चाळीस वर्षांत एक फुटली नाही हातून. आता मुद्दाम फोडू? आणि तीही तिनं ओतलेली?"

"मग बस भागत," गवंडी म्हणाला. "पण परवा मला त्या दालनात सिमेंटचा मसाला टाकायचाय. परवापर्यंत मला ओळी सांग, नाहीतर मी माझ्या मनानं टाकतो."

म्हणजे दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावर जागा उरली नाही, मिस्त्री दारावर लिहायला लागला. रंगवाली दाराशी येऊन बघायची आणि चहा ठेवून जायची. तिनं हट्ट सोडला नाही, पण चहात साखर वाढवली.

शेवटी त्या संध्याकाळी त्यानं लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी कॉलेजात गणित शिकवते.

"बाबा, कुठपर्यंत भागून झालं?"

"एकोणतीसपर्यंत. तेवीस उरतात. आता एकतीस घेतो, मग सदतीस, मग..."

"एकतीस घ्या आणि थांबा. बत्तीस गुणिले बत्तीस किती?"

"एक हजार चोवीस."

"म्हणजे आपल्या आकड्याच्या पुढे गेलं. चौकोनाची आखूड बाजू एकतीसच्या आतच असणार ना? आखूड बाजू मिळाली नाही तर लांब बाजूही नाही."

मिस्त्रीला हे लगेच पटलं. हे तर फरशीचंच बोलणं होतं. त्यानं एकतीसनं भागलं. सतरा उरल्या.

"म्हणजे होतच नाही?"

"एकाच ओळीत लावल्या तर होतं. चौकोन नाही होत. एक हजार नऊ ही मूळ संख्या आहे बाबा."

"मूळ?"

"जिचे समान वाटे पडत नाहीत ती."

"मूळ कसली, मूळव्याध आहे ही! तुझ्या आईनं आणलेली."

पलीकडे लेक हसत सुटली. मागून जावयाचंही हसणं ऐकू आलं. हसू आवरून ती म्हणाली, "थांबा. तिला चारनं भागलं तर किती उरतं?"

"एक. बहुतेक ठिकाणी एकच उरतं, तेच तर दुखणं आहे."

"मग दुखणं नाही ते, नशीब आहे. तीन उरले असते तर जन्मात जमलं नसतं. ज्या मूळ संख्येला चारनं भागून एक उरतो, तिचा एक चौकोन होत नाही, पण दोन चौरस होतात. दोन्ही बाजू सारख्या असलेले दोन चौरस. आणि एकाच तऱ्हेनं होतात, दुसरी तऱ्हाच नाही."

"कशावरून?"

"अर्धं आत्ता सांगते. चौरसाची बाजू सम असेल, तर फरश्यांच्या चार-चारच्या थप्प्या लावल्या की काही उरत नाही. बाजू विषम असेल तर नेहमी एक उरते. दोन्ही सम तर मिळून बाकी शून्य, दोन्ही विषम तर दोन, एक सम नि एक विषम तर एक. म्हणून बाकी तीन असेल तर कधीच जमत नाही. पण बाकी एक असेल तर प्रत्येक वेळी जमतंच, हे दाखवायला मला फळा लागेल आणि तुम्हाला आठवडा."

"माझ्याकडे उद्याची सकाळच आहे."

"मग सिद्धता राहू दे. चौरस तुम्ही शोधा. मी सांगितलं तर मजा जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दारापुढे स्टूल टाकून बसला. पंधरा तऱ्हांचा आकडा गेला होता आणि एकाच तऱ्हेचा आला होता. का कुणास ठाऊक, त्याला हे आवडायला लागलं होतं. मोठ्या चौरसापासून उतरत यायचं त्यानं ठरवलं. एकतीस एकतीस नऊशे एकसष्ट. उरल्या अठ्ठेचाळीस. सात साती एकोणपन्नास, म्हणजे नाही. तीस तीस नऊशे. उरल्या एकशे नऊ. नाही. एकोणतीस एकोणतीस आठशे एक्केचाळीस. उरल्या एकशे अडुसष्ट.

तेरा तेरा एकशे एकोणसत्तर.

"अरे रे रे!" मिस्त्री एवढ्यानं ओरडला की रंगवाली धावत बाहेर आली.

"काय झालं? पडलात?"

"एक कमी! फक्त एक कमी पडतेय! तुझ्याकडे अजून एखादी आहे का लपवलेली?"

रंगवाली दाराला टेकून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईतो हसली. "परवा एक जास्त होती म्हणून बोंबलत होता, आज एक कमी म्हणून! माणसानं करावं तरी काय तुमच्यापुढं!"

मिस्त्रीलाही हसू आलं. तसंच हसत त्यानं पुढचा आकडा लिहिला. अठ्ठावीस अठ्ठावीस सातशे चौऱ्याऐंशी. एक हजार नवातून गेले, उरले दोनशे पंचवीस. त्याचा हात थांबला. दोनशे पंचवीस हा आकडा त्याला तोंडपाठ होता. लहान खोल्यांत तो कितीदा यायचा.

"पंधरा पंधरा," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"अठ्ठावीसचा एक आणि पंधराचा एक. दोन खोल्या. एक मोठी, एक छोटी. अगं, दालनाची रुंदीच अठ्ठावीस आहे!"

तो तसाच उठला. चप्पल घालायची राहिली. गुडघे कुरकुरले, त्यांच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. दालनात गवंडी मसाल्याची तयारी करत होता आणि ग्रंथपाल बाई खिडक्यांची मापं घेत होत्या. मिस्त्रीनं आपलीच ताणलेली दोरी सोडली आणि अठ्ठावीसवर आणून बांधली.

"इथे अर्ध्या फरशीच्या जाडीची भिंत. अलीकडे मोठी खोली, अठ्ठावीस बाय अठ्ठावीस. पलीकडे या कोपऱ्यात छोटी, पंधरा बाय पंधरा. तिच्या बाजूला उरेल ती कपाटांची जागा, साधं सिमेंट. फरश्या बरोबर एक हजार नऊ."

"भिंत?" गवंडी ओरडला. "भिंत ठरलेली नव्हती! एका फरशीपायी मी भिंत उभी करू?"

"बायकोपायी," मिस्त्री म्हणाला. "फरशीपायी कशाला."

गवंडी ग्रंथपाल बाईंकडे बघायला लागला. बाई एकदम हो म्हणाल्या नाहीत. त्या दालनभर चालल्या, बोटावर टेबलं मोजली. मोठ्या खोलीतली दोन टेबलं कमी होत होती. मग कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, जिथे पंधराचा चौरस येणार होता. तिथे खिडकी होती. "लहान मुलं इथे मोठ्यानं वाचू शकतील," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मोठी माणसं फार श्श-श्श करतात हो. चालेल. दोन टेबलांचं मी बघते."

"बाईंनी निस्तरलं तुझं," गवंडी म्हणाला आणि विटा मागवायला गेला. जाताना दारातून ओरडला, "पण हिरवी कुठं लावणार? कोपऱ्यात लपव हां, नाहीतर लोक म्हणतील बिनकाप्याला रंग दिसत नाहीत!"

हा विचार मिस्त्रीनं केलाच नव्हता. एक हजार आठ सारख्या आणि एक वेगळी. काम चालू होतं ते अकरा दिवस तो त्याच विचारात होता. मोठी खोली आधी झाली. मधोमध दोरी ताणली तर ती दोन फरश्यांच्या सांध्यावरून जायची; अठ्ठावीसला मधली फरशी नसते, चार फरश्या मिळून मध्याभोवती बसतात. मग तो छोट्या खोलीत आला. इकडून दोरी, तिकडून दोरी, आणि दोन्ही दोऱ्या एकाच फरशीच्या जागेवर एकमेकींवरून गेल्या. इकडून आठवी ओळ, तिकडूनही आठवी. चारी बाजूंना सात-सात.

विषम चौरसात नेहमी एक उरते, लेक म्हणाली होती. ती उरत कुठे होती, ती मधोमध बसत होती.

त्यानं भोवतीच्या दोनशे चोवीस लावल्या आणि एक भोक ठेवलं. मध्ये जायला फळी टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगवालीला बोलावणं पाठवलं.

ती फरशी घेऊन आली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. दारात उभी राहून तिनं आधी मोठी खोली बघितली. आयुष्यभर तिनं चांदण्या ओतल्या होत्या, थप्पी लागली की त्या ट्रकमधून कुठेतरी जायच्या. एवढ्या एकत्र, सपाट, ओळीत पडलेल्या तिनं कधी बघितल्या नव्हत्या. चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी चालत छोट्या खोलीशी आली.

"पाय मसाल्यात घालू नको," मिस्त्री म्हणाला.

"कारखान्यात काय हवेतून चालत होते का मी?"

फळीवर ती उकिडवी बसली. मिस्त्रीनं भोकात ओला मसाला पसरला. तिनं दोन्ही हातांनी फरशी धरली आणि जाळी उचलायची त्याच बेतानं खाली सोडली. मिस्त्रीनं लाकडी हातोड्यानं चार कोपऱ्यांवर चार हलके ठोके दिले, पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आला.

"हिरवी पाकळी कुठल्या बाजूला आली?" तिनं विचारलं.

"खिडकीकडे."

"बरं झालं."

गवंडी भिंतीपलीकडून डोकावला. बोलायला तोंड उघडलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "उरली का एखादी?"

"शोध," मिस्त्री म्हणाला. गवंड्यानं खरंच सगळीकडे बघितलं. गवत होतं, रिकामी पोती होती. फरशीचा तुकडासुद्धा नव्हता.

घरी परतायला दोघांना उशीर झाला, कारण मिस्त्री आता पायऱ्या मोजून चढत होता आणि वाटेत ज्याला त्याला थांबवून सांगत होता की एक हजार नऊ ही मूळ संख्या असते. घरी आल्यावर रंगवालीनं दूध तापवलं, पातेलं सांडशीत धरून उचललं आणि तशीच मध्ये उभी राहिली. चुलीशेजारची नेहमीची जागा रिकामी होती.

"अहो, आता हे ठेवू कशावर?"

मिस्त्री पलंगावर गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि तोंडभर हसला.

"एखादी उरली असती, तर आणली असती."